देव पाण्यात होते

मी मेले नव्हते. हे आधी सांगते, कारण आमच्या गल्लीत तसं बोललं जातं. म्हातारी जाऊन माघारी आली, म्हणतात. काही बायका मी दिसले की पोरांना जवळ ओढून घेतात. मी मशिनवर होते. घशात नळी होती, श्वास मशिन घेत होतं आणि मला झोपेचं औषध देऊन ठेवलं होतं. त्याला मरणं म्हणत नाहीत.

मागच्या महिन्यात कोपऱ्यावरची पद्मा आली. तेलुगू विणकरांच्या घरातली, माझ्या सुनेच्या वयाची. तिचा नवरा तशाच मशिनवर होता. आत आलीच नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारलं, "आजी, तिकडे त्यांना काय कळते का? मी बोलते ते ऐकू जाते का?" तिला जे खरं होतं ते सांगितलं. जाताना ती म्हणाली, हे लिहून ठेवा, आणखी कुणाला लागेल. म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. नातीने शुद्धलेखन बघितलं आहे. बाकी काही तिला बदलू दिलं नाही.

यांच्याबरोबर कोण आहे?

चादरीच्या कारखान्यात मी कितीतरी वर्षं कांड्या भरल्या. मागाच्या धोट्यात बसते ती कांडी, तिच्यावर सूत गुंडाळायचं काम. सुताची धूळ नाकातोंडात जायची. कारखान्यात खोकत नाही अशी बाई नव्हती. त्यामुळे या वेळी खोकला धरला तेव्हा मी लक्ष दिलं नाही. ताप आला, तरी नाही. न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरावी लागली, तरी म्हणत होते, सुताचा खोकला आहे, जाईल. शेवटी मुलाने, दत्ताने, उचलून रिक्षात घातलं.

डॉक्टर तरुण होता. छातीचा फोटो त्याने खिडकीकडे धरला. बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "यांच्याबरोबर कोण आहे?"

तिथंच मला कळलं. आजार साधा असला की डॉक्टर पेशंटलाच रागावतो, आजी गार पाणी पिऊ नका म्हणतो. मोठा असला की पेशंटला ओलांडून बोलतो.

दोघं बाहेर गेले. दाराच्या काचेतून दत्ताची पाठ दिसत होती. तो कानामागे खाजवत होता. लहानपणी मास्तर ओरडले की असंच करायचा. दोन्ही फुप्फुसं भरली आहेत आणि हृदयही थकलंय, हे मला फार नंतर समजलं. त्या वेळी एवढंच दिसलं की माझा केस पिकलेला मुलगा कान खाजवतोय. मी म्हटलं, चला, आपलं झालं.

तिथं

आता सगळ्यांना जे ऐकायचं असतं ते.

मी पाण्याखाली होते. बुडत नव्हते, गुदमरत नव्हते. पाणी तांबूस होतं. वरून उजेड येत होता, पण तो हलत नव्हता. पाण्यातला उजेड हलतो, हा नुसता होता. माझ्या शेजारी आणखी काही जण बसले होते. पाच असावेत. लहानखुरे, अंगाने गार. त्यांना डोकी होती, पण नाकडोळ्यांच्या जागी सपाट होतं. ते समोर तोंड करून बसले होते आणि मीही तशीच बसले होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आम्ही वाट बघत होतो असं म्हणावं तर तेही खरं नाही. वाट बघायला वेळ लागतो. तिथं वेळ नव्हता.

हे मला नीट सांगता येत नाही. दिवस जात नाही, असं आपण म्हणतो, पण तो जातच असतो. कारखान्यात काम नकोसं झालं की मी कांडीकडे बघायचे. सूत सरकायचं, कांडी फुगत यायची, म्हणजे आपणही सरकतोय हे कळायचं. तिथं सूत सरकत नव्हतं. किती वेळ होते, याला उत्तर नाही. घरचे म्हणतात, दहा-बारा दिवस. त्यांचे तेवढे झाले असतील.

भीती वाटली का, असं पद्माने विचारलं. तिथं नाही वाटली. भीती वाटायला पुढं काहीतरी होणार असावं लागतं. मला भीती वाटायला लागली ती घरी आल्यावर, आणि ती अजून गेलेली नाही.

शकीला

त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवे कायम चालू. पहिल्यांदा माझ्यापर्यंत काही पोचलं असेल तर तो एक आवाज होता.

"अम्मा, जुम्मा है आज. दोपार हो गई. बाहर लई धूप है."

तिथं दोपार शब्द आला आणि मला आठवलं की दुपार नावाची एक गोष्ट असते. तिच्या आधी सकाळ असते आणि नंतर चहाची वेळ होते. मी त्या आवाजाला धरलं. हाताने धरावं तसं. पुन्हा केव्हातरी आला, "अम्मा, फजर हुई, उठो अब." पुन्हा, "अम्मा, छुट्टी हुई मेरी, कल आती मैं." कल. म्हणजे उद्याही असतो.

ती वॉर्डातली मावशी होती, शकीला. अंग पुसायची, कूस बदलायची. नळी काढल्यावर, घसा फाटलेला असताना, मी पहिलं तिलाच विचारलं, "सगळ्यास्नी सांगतीस का, वार आन् येळ?"

"हौ अम्मा."

"त्येंना ऐकू येतंय व्हय?"

"क्या मालूम. खिडकी नै ना इधर. मेरेकूच याद नै रहता बाहर दिन है की रात है. फिर मरीज का क्या हाल होता होएंगा?" मग माझी उशी फिरवत म्हणाली, "तुम सुने ना? बस. एक तो सुनी."

ज्यांचं माणूस आत आहे त्यांच्यासाठी म्हणून हे मुद्दाम लिहिते. कानाशी जाऊन रडू नका. देवाचं नाव घ्यायचं तर घ्या. पण आज वार कुठला, बाहेर ऊन आहे की आभाळ, घरात भाजी कशाची केली, हेही सांगा. आतल्या माणसाला धरायला काहीतरी द्या.

भावोजींचा उजेड

साध्या वॉर्डात आणल्यावर धाकटा दीर भेटायला आला. तो पोथ्या वाचतो, सप्ताहात पुढं बसतो. संत्री घेऊन आला होता. खुर्ची ओढून हळूच म्हणाला, "वैनी, काय दिसलं वो? परकाश दिसला?"

"पाणी दिसलं."

"पाणी? मग चंद्रभागा आसंल."

"पाटी लावल्याली न्हवती, भावोजी."

त्याला ते आवडलं नाही. म्हणाला, देवाचा काळ वेगळा असतो. देवाचा एक दिस म्हंजी आपली कोट्यानकोटी वर्सं.

"मग मी हितं पडल्याली त्येला कळलं तरी आसंल का?" मी विचारलं. "त्येची पापणी लवायच्या आत माझ्या तेराव्याचं जेवाण हून भांडी घासून झाली असती."

"तसं नसतं वैनी."

"कसं आसतं?"

त्याने एक संत्रं सोललं, विचार करत करत सगळं स्वतःच खाल्लं आणि येतो म्हणून गेला. बिचाऱ्याला मी उगाच बोलले असं घरचे म्हणाले. पण मी चेष्टा करत नव्हते. मला खरंच विचारायचं होतं. ज्याला उशीर म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याला लवकर ये म्हणून कसं सांगायचं?

देव्हारा

घरी आणलं तेव्हा देव्हारा रिकामा होता. लाल कापडावर देवांच्या चांदीच्या टाकांचे डाग तेवढे दिसत होते.

"देव कुटं गेले?" मी सुनेला विचारलं.

"हायती की आत्या," सुनीता म्हणाली. "पाण्यात हायती."

घरातलं माणूस जिवावरच्या दुखण्यात सापडलं की आमच्यात देव पाण्यात ठेवतात. माणूस उठेपर्यंत पूजा नाही, दिवा नाही, देवांनी पाण्यात राहायचं. मलाही हे माहीत होतं. माझ्या सासूनं दत्ताच्या गोवरात ठेवले होते. पण सुनीताने ठेवले असतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिने ओट्याखालच्या कोपऱ्यातून तांब्याचं घंगाळ पुढं सरकवलं आणि वरचं फडकं काढलं.

तांबूस पाण्याच्या तळाशी आमचे पाच टाक होते. भवानी, खंडोबा, जोतिबा आणि घरातल्या दोन जुन्या माणसांचे. पिढ्यानपिढ्या चिंच आणि राख लावून घासलेली चांदी. माझ्या सासूने घासली, मी घासली. नाकडोळे कधीच झिजून गेलेत. खंडोबा घोड्यावरून ओळखायचा, बाकीचे उंचीवरून. हे मला पन्नास वर्षं माहीत होतं. त्या दिवशी मात्र मी ओट्याला धरून खाली बसले. सुनीताला वाटलं, चक्कर आली.

ती दवाखान्यात भेटीच्या वेळेला रोज माझ्या कानाशी येऊन सांगायची म्हणे, आत्या, देव पाण्यात ठेवल्यात, काळजी करू नगा. ते कानात गेलं असेल आणि झोपेच्या औषधाने त्याचं काहीतरी झालं असेल. दुसरं काय असणार. मी मनाला हे रोज सांगते.

"आता मी आले की घरला," मी म्हटलं. "काढ त्यास्नी."

"पुर्त्या बऱ्या झाल्यावर. तसंच बोलल्ये मी देवाला. आत्या पुर्त्या बऱ्या हुईपत्तर काढणार न्हाय."

यामागं एक गोष्ट होती. सुनीताची आई आजारी होती तेव्हा तिने माहेरी असेच देव ठेवले होते. एका संध्याकाळी आई उठून बसली, पेज प्याली. भावाने आनंदाने देव काढले, पूजा केली. दुसऱ्या दिवशी आई गेली. त्यानंतर ती भावाशी वर्षभर बोलली नाही. आता ती स्वतःवर ती पाळी येऊ देणार नव्हती.

दत्ता म्हणाला, "आसू दे की आई. तुला काय तरास हाय त्येंचा?"

त्रास काय होता ते मी त्याला सांगितलं नाही. दुपारी डोळा लागला की मी पुन्हा तिथं जायचे. जागच्या जागी. शेजारी ते पाच. जाग यायची ती सुनीताच्या तांब्याच्या आवाजाने. सोलापूरच्या उन्हात घंगाळातलं पाणी आटायचं, देवांची डोकी वर यायला लागायची. मग ती हंड्यातलं पिण्याचं पाणी काढून वर ओतायची. नळाला चार-चार दिवस पाणी नाही, घरात एकेका बादलीवरून भांडणं, आणि ही देव बुडवायला पाणी घालायची. डुब, असा आवाज यायचा. तो मला दोन्हीकडून ऐकू यायचा.

कोंडलेला महादेव

माझं माहेर सांगोल्याकडचं. वडिलांची मेंढरं होती. मी लहान असताना एका कोरड्या साली गावाने महादेव कोंडला. म्हणजे गाभारा पाण्याने भरायचा, पिंड बुडवायची आणि दार चिखलाने लिंपून टाकायचं, पाऊस पडेपर्यंत. पाणी टँकरचं. बायका रांगेने घागरी देत होत्या, माझ्याही डोक्यावर कळशी होती.

मी वडिलांना विचारलं, "आबा, देव किती दिस ऱ्हाणार आत?"

"पाऊस पडंपत्तर."

"आन् न्हाय पडला तर?"

आबा चिडले. "गुदमरू दे की त्येला जरा. आपल्याला किती दिस झाले, कळंल तरी."

आबांचं हे बोलणं मी साठ वर्षांत आठवलं नव्हतं. या आजारपणात ते आठवलं आणि डोक्यातून जाईना. देवाला वेळ कळत नाही, हे आबांना पोथी न वाचताच कळलं होतं. दिवस गेला, पीक गेलं, माणूस गेलं, याचं त्याला काही नाही, कारण त्याच्याकडे काही जातच नाही. म्हणून आपण त्याला पाण्यात घालतो. त्यालाही आपल्यासारखा वेळ जड जावा, एकेक घटका मोजावीशी वाटावी, म्हणून.

पण मी तिथं बसून आले होते. पाण्यात वेळ कळत नाही. जो थोडा कळत असतो तोही जातो. ते पाच जण कुणासाठी कासावीस झालेले मला दिसले नाहीत. नुसते गार होते.

त्या साली पाऊस उशिरा पडला. दार उघडलं तेव्हा मी तिथं नव्हते. आत काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही.

कायमच्या

महिन्याने तपासणीला गेले. सुनीता बरोबर होती. मी तिच्यासमोर डॉक्टरला विचारलं, "पुर्ती बरी कधी व्हणार मी?"

डॉक्टर हसला. "पूर्ण असं नाही आजी. हृदय अशक्त झालंय. गोळ्या कायमच्या. आहे ते सांभाळायचं."

सुनीताने माझ्याकडे बघितलं नाही. तिलाही कळलं होतं आणि मलाही. तिने घातलेली अट कधी पुरी होणार नव्हती. आता देव पाण्यातून बाहेर यायला एकच वाट उरली होती, मी मरायचं. मी आहे तोवर ते बुडालेले. आणि रोज दुपारी मी त्यांच्या शेजारी.

तिच्या पाठीमागे देव काढले असते तर सोपं होतं. पण पुढंमागं मला काही झालं असतं तर ती पोर भावाशी बंद झाली तशी स्वतःशीही बोलायची बंद झाली असती. म्हणून जेवणं झाल्यावर तिला हाक मारली.

"घंगाळ आण."

ती आली, पण घंगाळाला दोन्ही हातांनी मिठी मारून खाली बसली. "आत्या, पाया पडते. आईच्या येळंला असंच झालं."

"तुझ्या आईला देवानं मारलं आसंल तर असल्या देवाला बुडवूनच ठिवाय पायजे. न्हाय मारलं आसंल तर बाहेर काढ."

"तुमच्या जिभंला काय हाड हाय का वो!" ती रडत होती आणि मध्येच हसायलाही लागली.

मग मी तिला सांगितलं. तिथं कोण कोण होतं ते. त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिचं रडणं थांबलं.

"गार हुते?" तिने विचारलं.

"लई."

"काय बोलले?"

"काय बोलत्याल? किती दिस झाले ते त्यास्नीबी ठावं न्हवतं."

मग तिने हात काढून घेतले. मी म्हटलं, "तू हात लावू नगंस. माझं मी काढते. काय झालं तर माझ्या हातानं झालं. दत्तालाबी तसंच सांग."

पाण्यात हात घातला आणि त्या उन्हाळ्यातही शहारा आला. एक क्षण मला कळेना, हात खाली चाललाय, की मी खाली आहे आणि वरून कुणाचा तरी हात माझ्याकडे येतोय. बोटांना चांदी लागली तेव्हा जिवात जीव आला.

चार मी पुसले. पाचवा पुसायला सुनीताने पदर पुढं केला.

देव जागेवर बसवले, दिवा लावला. मग ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली आणि माझ्या छातीकडे बघत राहिली. वर-खाली होतेय का, एवढंच. उन्हं पायरीवरून उतरली तरी हलेना. शेवटी मी म्हटलं, "च्या टाक. मराया आजून येळ हाय."

आता

याला बरेच महिने झाले. गोळ्या चालू आहेत. पायरी चढताना दम लागतो. पद्माचा नवरा शुद्धीवर आला. त्याला काही आठवत नाही, आणि ते चांगलंच आहे.

मी अजून जाते तिथं. दुपारी, डोळा लागला की. तोच तांबूस उजेड, हलत नाही तो. फरक एवढाच की आता शेजारी कुणी नसतं. मी एकटीच असते. सुरुवातीला ते फार वाईट वाटलं. मग म्हटलं, ते कोरडे झालेत ना, मग झालं.

शकीलाची गोष्ट सुनीताला सांगितल्यापासून मी झोपले की ती स्वयंपाकघरातून हाक मारते. "आत्या, चार वाजले. गुरुवार हाय. बाहेर ऊन हाय." मी ते ऐकते, त्याला धरते आणि वर येते.

हाक दर वेळी जरा लांबून येते. पण अजून येते.